पटलं तर बसायचं

ड्रायव्हर आणि सिस्टर यांच्या लग्नात कुणीतरी चेष्टेनं म्हटलं होतं की या घरात एक जण बसून कमावणार आणि एक जण उभं राहून. तसंच झालं. तो शहराची बस चालवायचा आणि ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. संध्याकाळी त्याची कंबर धरलेली असायची आणि तिचे पाय सुजलेले. तो तिचे पाय चेपायचा, ती त्याच्या कमरेला मलम लावायची, आणि भाजी कोण चिरणार यावरून दोघांचं रोज वाजायचं. दोघंही निवृत्त झाले तरी लोक त्याला ड्रायव्हरच म्हणत आणि तिला सिस्टरच.

निवृत्तीनंतर तिच्या पायांची सूज उतरायला हवी होती. ती उतरली नाही, वर चढली. आधी घोटे, मग पोटऱ्या, मग सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली. कुणा डॉक्टरनं सांगायच्या आधी तिचं तिलाच कळलं. आरशासमोर उभी राहून ती म्हणाली, "किडन्या गेल्या." दूध नासलं, असं सांगावं तशी.

मग मशीन सुरू झालं. आठवड्यात तीनदा रक्त धुवायला हवं होतं. तिच्याच जुन्या दवाखान्यात मशीन थोडी आणि माणसं फार, त्यामुळे तिची पाळी दोनदा यायची, आणि मशीन बिघडलं तर एकदाच. खासगी दवाखान्याचं नाव काढायची सोय नव्हती. डाव्या हातात, मशीनच्या सुयांसाठी डॉक्टरांनी शीर जोडून दिली होती. त्या जागी बोटं ठेवली की आत थरथर लागायची. ती थरथर चालू असली म्हणजे हात चांगला. ड्रायव्हर रोज झोपताना आणि उठल्यावर तिथं हलकी बोटं ठेवायचा आणि म्हणायचा, "इंजिन चालू आहे."

"गाडी कुठं जातेय ते बघा आधी," ती म्हणायची.

दिवसाचं पाणी तिला मोजून प्यावं लागे. एका छोट्या बाटलीत सकाळीच भरून ठेवायचं, तेवढंच. ड्रायव्हरही तिच्यासमोर पाणी प्यायचा नाही. बाहेर बाथरूमच्या नळाखाली ओंजळ धरायचा. तिला ते माहीत होतं, पण ती कधी बोलली नाही.

आता समितीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथंच घडलं.

दवाखान्यातल्या धुतलेल्या चादरी ज्या खोलीत ठेवतात, तिथं ड्युटी सुटल्यावर नर्स, कंपाउंडर, वॉर्डबॉय, सफाईवाल्या जमायच्या. सिस्टरनंच ती समिती उभी केली होती. त्यांची मागणी एका वाक्याची होती: जो आजारी त्याला उपचार, बाकी त्याला काही विचारायचं नाही. असा कायदा व्हावा म्हणून त्यांनी जन्म घालवला होता. सुरुवातीला हात वर करून मतं घ्यायचे. मग एकदा मोठं भांडण झालं, कारण अर्ध्या लोकांनी नंतर सांगितलं की शेजारच्याचा हात वर गेला म्हणून आमचाही गेला. तेव्हा सिस्टरनं नियम केला. ठराव वाचला की सगळ्यांनी उभं राहायचं. ज्याला पटलं त्यानं आपल्या स्टुलावर बसायचं. एक जरी माणूस उभा असला तरी ठराव झाला नाही. उभं असताना भिंतीला टेकायचं नाही, कपाटाला धरायचं नाही. ती म्हणायची, "पाय दुखले म्हणून बसायचं नाही, पटलं तर बसायचं. दिवसभर दुसऱ्यासाठी उभे राहता ना? मग थोडा वेळ स्वतःसाठी राहा."

बाहेरचे लोक हसायचे. पण त्या नियमामुळेच समिती फुटली नाही. पुढे तिच्या पाठिंब्यावर मूठभर माणसं कायदेमंडळात निवडून गेली, आणि एक वेळ अशी आली की सरकारला आरोग्याचा कायदा करायला नेमकी तेवढीच मूठभर मतं कमी पडू लागली.

सरकारशी बोलणी करायला समितीनं सिस्टरच्या धाकट्या भावाला नेमलं होतं. तो वकील होता. लहानपणी आई गेली तेव्हापासून बहिणीनंच त्याला वाढवलेलं. एका सकाळी तो ड्रायव्हरच्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि सरकार काय द्यायला तयार आहे ते त्यानं सांगितलं. सरकार प्रत्येक दवाखान्यात मशीन वाढवणार होतं. ज्यांना पगार किंवा पेन्शन आहे, त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना तीनदा मशीन, ऑपरेशन, औषधं, सगळं. ज्यांचं हातावर पोट आहे, त्यांचं पुढच्या टप्प्यात.

"म्हणजे मला मिळेल," सिस्टर म्हणाली.

"तुला मिळेल, ताई."

"आणि इस्त्रीवालीला?"

इस्त्रीवाली म्हणजे मशीनच्या वेळी सिस्टरच्या शेजारच्या खुर्चीवर असायची ती बाई. कोपऱ्यावर टेबल मांडून लोकांचे कपडे इस्त्री करायची. दोघींची ओळख सुया टोचताना झाली होती. इस्त्रीवाली म्हणायची, बाई, तुम्ही नर्स असून डोळे मिटून घेता, मग आम्ही काय करावं.

"तिचं पुढच्या टप्प्यात," वकील म्हणाला.

"पुढचा टप्पा कधी?"

"आणू ना. आधी हे तर पदरात पाडून घेऊ. नाही मामापेक्षा काणा मामा बरा, ताई."

"मामा काणा असला तरी चालेल मला. पण तो माझ्याकडे तेवढा बघणार आणि तिच्यावरून डोळा फिरवणार, ते नाही चालणार."

"तुझ्या नाही म्हणण्यानं एक तरी मशीन वाढणार आहे का?"

"नाही वाढणार."

"मग?"

"अरे, आज आमच्या पेन्शनवाल्यांचं भागलं ना, की उद्या तिच्यासाठी त्या खोलीत कोण उभं राहणार? आपलं झालं की माणूस बसतो. मी आयुष्यभर माणसंच पाहिलीत."

"आणि सरकारनं हेही मागं घेतलं तर?"

सिस्टरनं बाटलीतलं एक घोट पाणी तोंडात धरलं, बराच वेळ धरलं आणि मग गिळलं.

वकील निघाला तेव्हा ड्रायव्हर त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेला. वकिलाच्या डोळ्यांत पाणी होतं. "भाऊजी, ती माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

"माझं ऐकती तर भाजी रोज मी चिरली असती का?"

"चेष्टा नका करू."

"चेष्टा नाही करत."

ड्रायव्हरला राजकारण कळत नव्हतं असं नाही. बसमध्ये जगातलं सगळं राजकारण त्याच्या पाठीमागं बोललं जायचं. मेहुण्याचं बोलणं त्याला पटत होतं आणि बायकोचंही पटत होतं. पण त्याला बायको हवी होती. म्हणून दुसऱ्या दिवशी तो कोपऱ्यावर इस्त्रीवालीच्या टेबलाशी गेला. हातात एक शर्ट होता, चुरगळलेलाही नव्हता.

इस्त्रीवालीनं शर्ट बघितला, त्याच्याकडं बघितलं. "बोला."

त्यानं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "ती तुझ्यासाठी अडून बसलीय. तू सांगितलंस तर ऐकेल."

इस्त्री गरम होती म्हणून तिनं ती उभी करून ठेवली. "मी कुठं म्हटलं त्यांना माझ्यासाठी अडा म्हणून? सांगते की. उद्या पाळी आहे, तेव्हा सांगते." मग शर्टाची कॉलर सरळ करत तिनं विचारलं, "पण माझं मशीन मग कधी, असं म्हणाले वकीलसाहेब?"

"पुढच्या टप्प्यात."

"बरं," ती म्हणाली. शर्टाचे पैसे तिनं घेतले नाहीत.

समितीची बैठक दुपारी होती. कायदेमंडळाचं सत्र त्याच संध्याकाळी संपणार होतं, आणि तोवर समितीचा होकार आला नाही तर सरकार विधेयक मागं घेणार होतं. ड्रायव्हर सिस्टरला घेऊन आला, तिला तिच्या स्टुलापर्यंत नेलं आणि बाहेर बाकावर बसला. दार उघडंच होतं. आत फडताळांवर चादरींच्या घड्या होत्या आणि सगळीकडे साबणाचा वास.

वकिलानं ठराव वाचला. सगळे उभे राहिले. सिस्टरही उठली.

आधी सफाईवाल्या बसल्या, खाली मान घालून. मग नर्सेस, एकेक करून. कंपाउंडर म्हणाला, "माझा गुडघा केव्हाचा सरकारच्या बाजूनं झालाय," आणि बसला. कुणी हसलं नाही. शेवटी वकील बसला, आणि सिस्टर एकटी उभी राहिली.

"ताई," वकील म्हणाला, "तब्येतीसाठी बस. ते मत धरायचं नाही."

"मग नियम कशाला केला होता?"

"नियम तूच केलास."

"म्हणूनच."

बाहेर ट्रॉलीची चाकं कुरकुरत गेली. सिस्टरचे पाय थरथरायला लागले ते बाकावरून दिसत होतं. तिनं फडताळाकडं हात नेला, आणि मग आपला आपणच मागं घेतला. वकिलानं ते पाहिलं. तो उठला नाही. उठला असता तर त्याचंही मत फिरलं असतं.

"अहो," सिस्टर म्हणाली, "इकडं या जरा."

ड्रायव्हर आत गेला.

"धरा मला. उजव्या बाजूनं. त्या हाताला नको."

त्यानं एक हात तिच्या उजव्या कोपराखाली घातला, एक कमरेला. तिचं सगळं वजन त्याच्यावर आलं.

"हे चालतं का?" कंपाउंडरनं विचारलं.

"भिंतीला टेकायचं नाही असं ठरलंय," सिस्टर म्हणाली. "नवऱ्याला टेकायचं नाही असं कुठं ठरलंय?"

आता मात्र थोडे लोक हसले. त्यात एक नर्स रडायला लागली.

ते तसेच उभे राहिले. उन्हाचा पट्टा चादरींवरून सरकत भिंतीवर गेला. वकील एकदा बहिणीकडं बघे, एकदा ड्रायव्हरच्या हातांकडं. त्या बघण्याचा अर्थ ड्रायव्हरला कळत होता. फार काही करायचं नव्हतं. हात थोडा सैल सोडायचा. ती स्टुलावर आपोआप टेकली असती, ठराव झाला असता, आणि म्हाताऱ्या माणसाचा हात अवघडला असंच सगळे म्हणाले असते. मग तीनदा मशीन. मग आणखी काही वर्षं, कुणी सांगावं, किती.

"तुमच्या मनात काय आहे ते कळतंय मला," ती हळू म्हणाली, त्यालाच ऐकू येईल इतकं. "इस्त्रीवालीला तुम्हीच पाठवलंत."

"हो."

"ती म्हणाली, बाई, बसा. मी म्हटलं, मग तुझं काय? म्हणाली, माझं काय असणार."

ड्रायव्हरनं तिच्या रिकाम्या स्टुलाकडं पाहिलं.

"बसवायचं असेल तर बसवा," ती म्हणाली. "मला काही आता एकटीनं उभं राहवत नाही. पण तुम्ही बसवलंत असं होईल. मी बसले असं होणार नाही."

जन्मभर तो लोकांना त्यांना हव्या त्या स्टॉपवर उतरवत आला होता. मध्येच कुणाला उतरवलं नव्हतं, दारू पिऊन शिव्या देणाऱ्यालासुद्धा नाही. त्यानं कमरेचा हात आणखी वर घेतला आणि तिला नीट धरलं. त्याला वाटलं होतं की असं केल्यावर मनाला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. हातात तिचं वजन होतं, आणि ते किती कमी झालंय ते त्याला त्या दिवशी कळलं.

उजेड पिवळा झाला तेव्हा वकिलाचा फोन वाजला. त्यानं ऐकून घेतलं, फोन खिशात ठेवला आणि म्हणाला, "विधेयक मागं घेतलं." मग बहिणीला म्हणाला, "बस आता. आता बसायला काही हरकत नाही."

ती बसली. ड्रायव्हरचे हात तसेच हवेत राहिले. खाली करायला वेळ लागला.

त्यानंतर वकील बरेच दिवस घरी आला नाही. एका रविवारी आला. सिस्टर पलंगावर उशांना टेकून बसली होती, कारण आडवं झालं की तिला दम लागे.

"रागावलायस?" तिनं विचारलं.

"हो."

"रागाव. पण जेवून जा. भाऊजींनी भाजी चिरलीय."

तो जेवला. कायद्याचं कुणी काढलं नाही. जाताना त्यानं बहिणीच्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. ती म्हणाली, "पुरे, पाय दुखतात."

सरकार काही दिवसांनी पडलं. निवडणुका झाल्या. जे निवडून आले, त्यांनी प्रचारात आरोग्याचा शब्दही काढला नव्हता, आणि ते दिलेल्या शब्दाला जागले. समितीच्या मूठभर माणसांपैकी एकही परत आला नाही. दवाखान्यातली मशीन जुनी होत गेली. एकदा दोन मशीन एकदम बंद पडली आणि दुरुस्तीचा माणूस आज येतो, उद्या येतो असं चाललं. सिस्टरच्या छातीत पाणी साठलं. एका सकाळी ड्रायव्हरनं उठून सवयीनं तिच्या डाव्या हातावर बोटं ठेवली, आणि खाली काही लागलं नाही. त्यानं बोटं जरा वर ठेवली, जरा खाली ठेवली. मग पूर्ण तळवा ठेवला. सगळं शांत होतं.

दिवसकार्य झाल्यावर इस्त्रीवाली घरी आली. दारातच उभी राहिली. त्यानं दोनदा आत ये म्हटलं तरी आली नाही.

"तुमच्या बाईंच्या पाळ्या रिकाम्या झाल्या ना," ती म्हणाली. "त्यातली एक मला दिली. आता माझं तीनदा होतं." आणि मग, "मी घेतली."

"घ्यायलाच हवी," ड्रायव्हर म्हणाला.

"बाईंना कळलं तर काय म्हणतील?"

तो विचार करू लागला आणि त्याला हसू आलं, कारण सिस्टर काय म्हणाली असती ते त्याला माहीत होतं. ती म्हणाली असती, मेल्या सरकारला हे आधीच नसतं का जमलं? पण त्यानं ते सांगितलं नाही. इस्त्रीवाली गेल्यावर तो स्वयंपाकघरात गेला, छोट्या बाटलीत पाणी भरलं आणि भरून झाल्यावर त्याला आठवलं. मग ते त्यानंच प्यायलं. दुसऱ्या दिवशीही भरलं. पुढे ती सवयच झाली.

समितीच्या खोलीची एक किल्ली सिस्टरकडे असायची. तिच्या पिशवीत ती सापडली तेव्हा ड्रायव्हर परत द्यायला गेला. नेमकी त्या दिवशी बैठक होती. त्याला ठाऊक नव्हतं. दारातून परत फिरणार, तेवढ्यात वकिलानं बघितलं. "भाऊजी, आत या."

माणसं कमी झाली होती. कुणी बदलून गेलं होतं, कुणी समितीच सोडली होती. तिचं स्टूल मात्र होतं तिथंच होतं, आणि त्यावर कुणी चादरींचा गठ्ठाही ठेवला नव्हता.

वकिलानं नव्या सरकारचा प्रस्ताव वाचला. अपघात झाला तर पहिले काही दिवस फुकट. बाळंतपण फुकट. समितीनं यावर समाधानी आहोत असं जाहीर करायचं आणि मोर्चे बंद करायचे. बाकी काही नाही.

"मशीन?" एका नर्सनं विचारलं.

"मशीन नाही. कुणालाच नाही. पगारवाल्यांनाही नाही."

"म्हणजे सगळ्यांना सारखं," कंपाउंडर म्हणाला. "सिस्टरांना हवं होतं तसं." बोलून झाल्यावर त्यानं ड्रायव्हरकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

सगळे उभे राहिले. वकील वाट बघत होता. कुणी बसेना. सफाईवाल्या बसल्या नाहीत, नर्सेस बसल्या नाहीत. कंपाउंडर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होता, पण बसला नाही. हळूहळू ड्रायव्हरच्या ध्यानात आलं की सगळे आपल्याकडं बघतायत.

"मी तुमचा सदस्य नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे," वकील म्हणाला. त्याचा आवाज बसलेला होता. वर्षभरात तो फार म्हातारा झाला होता. "पण भाऊजी, तुम्ही बसल्याशिवाय इथं कुणी बसणार नाही. आणि हेही गेलं तर पुढं कुणी काही विचारायलासुद्धा येणार नाही."

ड्रायव्हरनं सगळ्यांकडं पाहिलं. एक सफाईवाली पोटुशी होती, एक हात पाठीवर ठेवून उभी होती. सिस्टर असती तर उभी राहिली असती. पण ती तेव्हा बसली असती तर आज असती. हे दोन्ही त्यानं रात्रंदिवस घोळवलं होतं आणि त्यातून कधी काही निघालं नव्हतं. आताही निघालं नाही.

तो तिच्या स्टुलाशी गेला. ते ठेंगणं होतं, आणि खाली बसताना त्याची कंबर कडकन वाजली. तो बसला.

मग ती पोटुशी बसली. मग नर्सेस. मग कंपाउंडर. स्टुलांचे पाय फरशीवर खरखरत राहिले आणि मग थांबले.

"पटलं, भाऊजी?" वकिलानं विचारलं. विचारायची गरज नव्हती, पण त्याला बहुतेक राहवलं नाही.

"पाय दुखले," ड्रायव्हर म्हणाला.

वकिलानं पेन उघडलं आणि ठरावाखाली लिहिलं, सर्वानुमते मंजूर.

ड्रायव्हर बसनं घरी आला, मागच्या सीटवर बसून. कुलूप उघडायला खिशात हात घातला तेव्हा हाताला दोन किल्ल्या लागल्या.